डाव्या बाजूचं हाड

बसचा पास काढायला त्याने कोटाच्या खिशात हात घातला आणि हाताला हाड लागलं. दुसरं कुणी असतं तर किंचाळलं असतं. तो एकतीस वर्षं मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवत होता, तेव्हा खिशात हाड निघणं त्याच्या लेखी पेन निघण्याइतकंच साधं. पास दुसऱ्या खिशात सापडला, तो त्याने कंडक्टरला दाखवला, आणि दांड्याला टेकून नीट उभं राहिल्यावर मग त्याला कळलं की तोंडी परीक्षा संपवून टेबल आवरताना एक क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, पेटीत ठेवायच्या ऐवजी आपण खिशात टाकलं असणार. उद्या ठेवू, म्हणून त्याने हात तसाच खिशात राहू दिला. सोमवार होता. सकाळी नऊपासून साडेपाचपर्यंत त्याने बेचाळीस मुलांची तोंडी घेतली होती आणि घसा इतका कोरडा पडला होता की कंडक्टरला ‘पास’ म्हणतानाही आवाज फुटला नाही. बाहेर दुकानांचे दिवे लागत होते. खिशातला अंगठा आपसूक हाडावरून फिरत होता, जाड टोकाकडून चपट्या टोकाकडे, वळणावरून पुढे, मग खालच्या अंगाच्या खाचेतून मागे. अंगठ्याला कुणी काही विचारलं नव्हतं, पण अंगठ्याने उत्तर दिलं, डावं. दोन थांबे गेले. तिसऱ्या थांब्यावर त्याच्या लक्षात आलं की दुपारी याच हाडावर त्याने एका मुलीला उठवलं होतं, कारण ती म्हणाली होती, डावं.

त्याने हाड खिशातल्या खिशात उलटं करून पुन्हा चाचपलं. पुन्हा डावंच. हाताची चूक होणं शक्य नव्हतं. ते हात थोरल्या सरांनी घडवलेले होते. थोरले सर म्हणजे या विभागाचे त्याच्या आधीचे प्रमुख. मुलांना रांगेत उभं करायचे, हात पाठीमागे घ्यायला लावायचे आणि मागून तळहातावर हाड ठेवायचे. बघायचं नाही, फक्त सांगायचं, कुठलं आणि कुठल्या बाजूचं. त्याच्या पाठीमागे पहिल्यांदा हाड आलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि हातांना दरदरून घाम फुटला होता. थोरल्या सरांनी तो घाम स्वतःच्या रुमालाने पुसला होता, हे आठवलं की अजून त्याला आतून बरं वाटायचं. पण त्याच थोरल्या सरांनी एक शिरस्ता घालून दिला होता आणि तो या विभागात कुणी मोडला नव्हता: बाजू चुकली की उठायचं. दुसऱ्या कॉलेजांत बाजू चुकली तर एखादा गुण जातो आणि परीक्षक पुढचा प्रश्न विचारतो. इथे पुढचा प्रश्नच नसायचा. जो माणूस डावं-उजवं चुकतो तो उद्या चांगला पाय कापून मोकळा होईल, असं थोरले सर म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. मुलं या शिरस्त्याला टरकून असायची, माजी विद्यार्थी मेळाव्यात येऊन त्याच्याच गमती सांगायचे. त्याने स्वतः तो एकतीस वर्षं इमानेइतबारे पाळला होता. आज दुपारी तीनच्या सुमाराला, अडतीस नंबरवर, तो त्याने पाळला.

ती मुलगी त्याला दिसायला लागली ती बसमध्ये. टेबलासमोर बसली होती तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं होतं असं म्हणणं अवघड आहे. बारीक चणीची, केस घट्ट मागे बांधलेले, बोटांची नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. तिने हाड उचललं, शिकवलं होतं तसं स्वतःच्या गळ्याखाली धरलं आणि म्हणाली, डावं. तो म्हणाला, नक्की? ती म्हणाली, नक्की, सर. आणि तो म्हणाला, उजवं आहे, ऊठ. एवढंच. सकाळी अकराच्या आसपास हेच हाड त्याने एका मुलाला दिलं होतं. तो मुलगाही डावं म्हणाला होता आणि तेव्हा याने मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला होता. मग दुपारी काय झालं? ते कळायला त्याला घराच्या थांब्यापर्यंत वेळ लागला. परीक्षक समोर बसतो. समोरच्याचं डावं ते आपल्या उजव्या हाताला येतं. शिकवणाऱ्याला पहिल्या वर्षी हे डोक्यात फिरवून घ्यावं लागतं, दुसऱ्या वर्षापासून ते आपोआप फिरतं, आणि मग जन्मभर आपण समोरच्याच्या जागी बसून बघतोय हे आपल्याला आठवतसुद्धा नाही. आज दुपारी ते फिरलं नव्हतं. त्याने मुलीच्या अंगावरचं हाड आपल्याच जागेवरून पाहिलं होतं. तिने ‘बरं, सर’ म्हणून हाड कापडावर हलकेच ठेवलं होतं आणि जाताना खुर्ची आवाज न करता टेबलाखाली सरकवली होती. ही खुर्ची सरकवणं त्याला आता फार छळू लागलं.

घरी आल्यावर त्याने ते हाड जेवणाच्या टेबलावर ठेवलं. बायको पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर होती. पंचवीस वर्षं लोकांच्या गळक्या नळांच्या कहाण्या ऐकून तिला दुसरी विद्या अवगत झाली होती: माणसाचं गळतंय कुठे ते ती बोलण्याआधी ओळखायची आणि तरी अर्ज आल्याशिवाय हात घालायची नाही. तिने हाडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “पाहुणे आणलेत का?” म्हणाली, आणि हाडाच्या खाली एक स्वच्छ रुमाल घातला. तिने त्या हाडाची सविस्तर चौकशी केली, बाई की बुवा, वय काय असेल. बाई, विशीतली, अंगाने लहान, त्याने सांगितलं. बाईंचं वय आपल्या लेकीएवढं निघालं की, असं ती म्हणाली आणि भाजी वाढू लागली. लेक दुसऱ्या शहरात डॉक्टरकी शिकत होती, तिसऱ्या वर्षाला. आठवड्यातून एकदा फोन यायचा आणि ती बहुतेक वेळा झोपेतून बोलायची. लहानपणी ती बापाच्या खांद्यावर बसून फिरायची, आणि तिच्या टाचा त्याच्या याच हाडांवर, डाव्या आणि उजव्या, ताल धरायच्या. आज त्या टाचा कुठल्या वॉर्डात कोणापुढे उभ्या असतील आणि तो कोण किती दमलेला असेल, हा विचार त्याला जेवता जेवता आला आणि त्याचा हात मिठाकडे गेला. बायकोने विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाली, “अहो, मीठ दुसऱ्यांदा घेताय.” तो म्हणाला, हो का, आणि मीठ ठेवून दिलं.

मंगळवारी त्याने हाड पुन्हा खिशात टाकलं आणि काहीच केलं नाही. म्हणजे दोन तास घेतले, एका समितीत बसला, रिकाम्या पदांबद्दलचं स्मरणपत्र सातव्यांदा लिहिलं. विभागात शिकवणारे सहा असायला हवेत, होते चार, आणि त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर होती. पण जे करायचं होतं ते केलं नाही. परीक्षा विभागात काहीतरी निमित्त काढून गेला तेव्हा तिथला वरिष्ठ कारकून लाखेच्या काडीने पाकिटं बंद करत होता. ही कधी जातात, त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. उद्या पाचला गाडी येते, कारकून म्हणाला, एकदा गेली की देवालाही परत मागता येत नाहीत. तो हसला, तिथल्या माठातलं पाणी प्यायला आणि परत आला. गुणपत्रकावर त्याची सही होती आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाचीही. पाकीट गेलं की अडतीस नंबर नापास, सहा महिने मागे, बरोबरीची मुलं पुढच्या वर्गात आणि ती एकटी पुन्हा याच खोल्यांतून. पाकीट थांबवायचं तर लिहून द्यावं लागणार होतं की मी, या विभागाचा प्रमुख, ज्याच्याकडे आसपासच्या चार कॉलेजांतून हाडं ओळखायला पाठवतात, तो मी, डावं-उजवं चुकलो. हे वाक्य त्याने मनातल्या मनात निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहिलं आणि प्रत्येक प्रकारात ते सारखंच वाईट दिसलं.

मन अशा वेळी वकिली करायला लागतं. कशावरून तिला पुढचे प्रश्न आले असते? कशावरून तिने ठोकून दिलं नसेल? डावं नाहीतर उजवं, दोनच तर उत्तरं, निम्मी मुलं अंदाजानेच सांगतात. पण ‘नक्की, सर’ असं कोण म्हणतं, जो ठोकून देतो तो? ठोकून देणारा ‘नक्की?’ विचारल्यावर पटकन उत्तर बदलतो. हे त्याच्याएवढं कुणाला माहीत असणार. तीसुद्धा बदलू शकली असती, आणि बदललं असतं तर पास झाली असती. या विचारापाशी आल्यावर वकील गप्प व्हायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. दुपारी जिन्यात ती समोरून आली. बाजूला होऊन भिंतीला टेकली, सरांना वाट करून दिली. त्याने सूचनाफलक वाचायला घेतला. फलकावर गेल्या वर्षीच्या क्रीडामहोत्सवाची सूचना होती, ती त्याने शेवटच्या सहीपर्यंत वाचली. आणि तिथे उभ्या उभ्या त्याला दुसरीच एक गोष्ट उमगली, जिने त्याला चुकीपेक्षा जास्त हादरवलं: या मुलीचं नाव त्याला माहीत नव्हतं. दरवर्षी तिसरा आठवडा संपायच्या आत दीडशेच्या दीडशे मुलांची नावं त्याला तोंडपाठ असत. हा त्याचा एकमेव गर्व होता. हाडं काय, ती कुणालाही येतात. संध्याकाळी घरी गेल्यावर तो बायकोला एकेक नाव आणि त्याची खूण सांगायचा, हा बोलताना भुवई उडवतो, ही डावखुरी आहे, आणि ती कंटाळा न करता ऐकायची. या वर्षी त्याने एकही नाव पाठ केलं नव्हतं. कधी ठरवलं होतं असंही नाही. तोंडं हलताना दिसायची, उत्तरं कागदावर उतरायची, आणि मधलं काहीतरी, जे पूर्वी असायचं, ते नसायचं. बायकोनेही या वर्षी कधी विचारलं नव्हतं. तिला अर्जाची वाट बघायची सवय होती.

बुधवारी दुपारी दोन वाजता मंडळ असे. मंडळ हा त्यात येणाऱ्या सर्जनचा शब्द. कागदोपत्री त्याला ‘अध्यापक परस्पर आधार गट’ असं लांबलचक नाव होतं आणि ते मेडिसिनच्या बाईंनी काढलं होतं. बाई निवृत्तीला आलेल्या, सगळ्या कॉलेजच्या बाई. गेल्या वर्षी त्यांच्या विभागातला एक चांगला शिकवणारा तरुण डॉक्टर एका सकाळी राजीनामा ठेवून निघून गेला होता. त्यानंतर बाईंनी प्राचार्यांकडे जाऊन आठवड्याला एक तास आणि ग्रंथालयामागची जुन्या मासिकांची खोली मागून घेतली. नियम तीन. इथलं इथेच राहील. कुणी कुणाचं निदान करायचं नाही. आणि सल्ला द्यायचा नाही. शेवटचा नियम डॉक्टरांच्या मुळावर उठला. पहिल्या बुधवारी बालरोग विभागातल्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या की घरी गेल्यावर स्वतःच्या मुलाचा आवाजही सहन होत नाही, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तीन औषधं, दोन तपासण्या आणि एक व्यायाम सुचवून झाला होता. तेव्हा बाईंनी शिक्षा ठरवली: जो सल्ला देईल त्याने सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. सर्जन सलग पाच बुधवार कप धूत होता. तो आणि हा एकाच वर्गातले, एकाच बाकावरचे. सर्जन याला हाडवैद्य म्हणायचा आणि शस्त्रक्रियेइतक्याच झटपट माणसांचे प्रश्न कापून काढायचा. कप मात्र तो सुंदर धुवायचा, कोपरापर्यंत साबण लावून, नळाच्या तोटीला हात न लावता, सवयीप्रमाणे.

खरं तर हा तिथे बाईंच्या शब्दाखातर जात होता. सुरुवातीला बाईंनी एक प्रश्नावली भरून घेतली होती, बावीस प्रश्नांची. कामावरून घरी गेल्यावर मला रिकामं वाटतं. विद्यार्थ्यांचं काय होतं याने मला फरक पडेनासा झाला आहे. पुढे चौकटी, कधीच नाही, कधीतरी, दररोज. याने ‘कधीच नाही’च्या चौकटींवरून वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ मारली होती. आकडेवारी बघणारा सामाजिक आरोग्य विभागातला माणूस ते बघून म्हणाला होता की या संस्थेतला सगळ्यात निरोगी गृहस्थ मला आज भेटला. सगळे हसले होते, बाई सोडून. त्यानंतर सहा बुधवार तो गेला, चहा प्यायला, दुसऱ्यांचं ऐकलं, आणि त्याची पाळी आली की म्हणायचा, माझं ठीक आहे. बाई मान हलवायच्या आणि पुढच्याकडे वळायच्या. त्यांनी कधी टोकलं नाही. पण दर बुधवारी सकाळी त्या त्याच्या विभागात फोन करून एवढंच सांगायच्या की दोनला चहा आहे बरं का, जणू त्याला विसरायची मुभा आहे आणि तरी तो विसरणार नाही. या फोनची तो वाट बघायचा, हे त्याने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

या बुधवारी त्याची पाळी आली तेव्हा घड्याळात पावणेतीन वाजले होते. माझं ठीक आहे, हे त्याच्या तोंडात आलं होतं. पण बोलायच्या आधी हात खिशात गेला आणि त्याने हाड काढून कपांच्या मध्ये, टेबलावर ठेवलं. आकडेवाल्याने आपली बशी जरा मागे घेतली. मग तो बोलला. फार काही नाही. सोमवारी काय झालं, हाड डोक्यात कसं फिरलं नाही, पाकीट पाचला जातंय, मी दोन दिवस गप्प बसलोय. आवाज वर्गात शिकवतानाचाच होता. शेवटी म्हणाला, “मला तिचं नावही माहीत नाही.” आणि हे बोलताना तो आवाज वर्गातला राहिला नाही. बालरोगवाल्या डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. बाईंनी हात पुढे करून हाडाला नुसतं बोट लावलं, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावं तसं. बोलण्यासारखं एकच होतं आणि तो सल्ला होता.

तेव्हा सर्जन उठला. त्याने एकेक करून सगळ्यांचे कप उचलले, बाईंचा अर्धा भरलेला होता तोही, आकडेवाल्याच्या हातातला तर ओढूनच घेतला, आणि कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन नळ सोडला. सगळे बघत राहिले. पाच कप, पाच बश्या. त्याने ते घासले, खळबळले, पुसले, पालथे घातले, हात पुसले, परत येऊन खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला.

“कप धुऊन झालेत,” तो म्हणाला, “आता मी बोलतो, आणि मला कुणी अडवायचं नाही. हाडवैद्या, ऊठ. आधी ऑफिस, मग ती मुलगी. उलटं करू नकोस. आधी मुलीकडे गेलास तर तिथेच रडत बसशील आणि इकडे गाडी निघून जाईल.”

बाई म्हणाल्या, “नियमात बसतं.” त्यांनी हाड उचलून त्याच्या हातात दिलं आणि पुढे म्हणाल्या की बरोबर कुणी यायला हवं असेल तर सांगा, नको असेल तर आम्ही इथेच आहोत, पाच वाजेपर्यंत. तास तीनला संपत असे. आकडेवाल्याचा साडेतीनला वर्ग होता, पण त्याने फोन काढून वर्ग पुढे ढकलल्याचा निरोप पाठवला. हे सगळं उठता उठता याच्या कानावर पडलं. त्याला एकदम लहान मुलासारखं वाटलं, शाळेच्या दारापर्यंत घरातली सगळी माणसं सोडायला यावीत तसं, आणि त्याची लाज वाटली नाही.

ऑफिसात सगळं फार साधं निघालं, आणि त्याचंच त्याला नवल वाटत राहिलं. त्याने कागद मागून घेतला आणि उभ्यानेच लिहिलं: अडतीस क्रमांकाच्या विद्यार्थिनीने दिलेलं उत्तर बरोबर होतं, परीक्षकाची, म्हणजे माझी, बाजू ओळखण्यात चूक झाली, तिची तोंडी परीक्षा पुन्हा घ्यावी आणि ती दुसऱ्या परीक्षकाने घ्यावी. वरिष्ठ कारकुनाने ते वाचलं, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. प्राचार्यांना फोन गेला, बाहेरच्या परीक्षकांना फोन गेला, उद्या सकाळी दहा ठरले. प्राचार्य फोनवर एवढंच म्हणाले की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, आणि त्याने उत्तर दिलं की माझीही नव्हती. ते बोचलं, बोचायला हवंच होतं. मेळाव्यात आता नवी गंमत सांगितली जाईल, तीही त्याने मनात ऐकून घेतली. कारकुनाने ढिगातून पाकीट शोधलं, लाख फोडताना लाखेचे तुकडे टेबलभर उडाले, आणि ते गोळा करत तो सहज म्हणाला की सत्तावीस वर्षांत हे पाकीट फक्त पालकांच्या धमकीने फुटलेलं मी पाहिलंय. मग त्याने माठातलं पाणी आपणहून आणून दिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मुलीला शोधायला वसतिगृहात जावं लागेल असं त्याला वाटलं होतं. पण हाडांची खोली वाटेतच होती आणि तिचं दार उघडं होतं. या खोलीत मुलांना हाडं हाताळायला मिळत. भिंतीला लागून लाकडी खण, मध्ये लांब टेबल, दोन बाजूंना स्टुलं. परीक्षा झाल्यावर तिथे चिटपाखरू नसतं. ती एकटीच होती. टेबलावर तिने खणातली सगळी क्लॅव्हिकलं मांडली होती, दोन ओळींत, आणि एकेक उचलून स्वतःच्या गळ्याखाली धरत होती, काढत होती, दुसऱ्या बाजूला धरत होती. तो दारात उभा राहिला. तिला कळलं तशी ती धडपडून उठली आणि ओळीतली दोन हाडं एकमेकांवर आपटली.

“सर, मी आवरणारच होते,” ती म्हणाली. “ते त्रेचाळीस नंबरचं हाड शोधत होते. परवाचं. दोन दिवस बघतेय, ते इथे नाहीये.” मग जरा थांबून, खाली बघत म्हणाली, “ते दिसलं असतं तर माझं कुठे चुकलं ते कळलं असतं. आता मला ही सगळीच उलटी दिसायला लागलीत.”

त्याने खिशातून हाड काढलं. आतल्या अंगाला काळ्या शाईने लिहिलेला आकडा होता, थोरल्या सरांच्या अक्षरातला. दोन दिवस ते त्याच्या खिशात होतं आणि दोन दिवस ती त्याच्यासाठी खण उपसत होती. सहा महिने जातील, गुण जातील, हे त्याने धरलं होतं. पण ही मुलगी इथे बसून आपल्या शाबूत हातांवरचा विश्वास एकेक हाडागणिक घालवत असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आपण तिचं ऐकलंच नव्हतं म्हणजे काय, ते त्याला आता नीट कळलं. त्याने हाड तिच्यापुढे धरलं आणि म्हणाला, “डावं आहे. तू बरोबर होतीस. मी चुकलो.” मग त्याने सगळं सांगितलं, पाकीट थांबवलं ते, उद्या दहाची वेळ, परीक्षक दुसरे असतील ते. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. तिने हाड दोन्ही हातांनी घेतलं, डोळे मिटले, हात पाठीमागे नेले. बोटं फिरताना खांदे किंचित हलत होते. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते आणि ती हसत होती.

“म्हणजे डावंच,” ती म्हणाली.

“डावंच.”

रागवायचा तिला पुरता हक्क होता आणि तो त्याची वाट बघत उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मन लावून, एखादं अनोळखी हाड बघावं तसं सगळ्या अंगांनी. आणि राग यायच्या ऐवजी तिच्या कपाळावर आठी आली, चांगल्या डॉक्टरच्या कपाळावर पुढे कधीतरी येईल ती.

“सर,” तिने विचारलं, “तुम्हाला बरं नाहीये का?”

माझं ठीक आहे, हे पुन्हा तोंडात आलं. सहा बुधवार जे निघालं तेच, सरळ रेघेसारखं. त्याने ते गिळलं.

“नाही,” तो म्हणाला. “बरेच दिवस नाहीये.”

यावर काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं, एकोणिसाव्या वर्षी कुणालाच नसतं. तिने शेजारचं स्टूल ओढून त्याच्याकडे सरकवलं. तो बसला. एरवी तो समोर बसला असता. आज तो तिच्या बाजूला, तिच्याच दिशेने तोंड करून बसला, आणि तिचं डावं ते त्याचंही डावं होतं, डोक्यात काही फिरवावं लागत नव्हतं. ग्रंथालयामागे चार माणसं बसून असतील, त्यांना जाऊन सांगायला हवं, आणि घरी बायकोलाही, सगळं, पहिल्यापासून. जाऊ थोड्या वेळाने. ती एकेक हाड पुसून खणात ठेवू लागली, तसा तोही ठेवू लागला, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. टेबल निम्मं रिकामं झालं तेव्हा त्याने विचारलं, “तुझं नाव काय?”

“अडतीस, सर.”

“नंबर नाही. नाव.”

तिने नाव सांगितलं. त्याने ते मनात दोनदा म्हटलं, आणि मग एकदा मोठ्याने.